मामांचा पासवर्ड आणि बिडकीनचा चोर

आमच्या मामांइतका सावध माणूस अख्ख्या मराठवाड्यात नसेल. आणि चुकून दुसरा असलाच, तर ते दोघे एकमेकांना दार उघडणार नाहीत. हे मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आणि मामी गेल्यापासून पुंडलिकनगरात एकटेच राहणारे. फाटकाला दोन कुलपं, स्कूटरला साखळी आणि साखळी कडुनिंबाच्या झाडाला. फाटकाची किल्ली ते इतक्या सुरक्षित जागी ठेवतात की अधूनमधून त्यांना स्वतःच्याच कुंपणावरून उडी मारावी लागते. एकदा शेजारच्या इमारतीच्या नव्या वॉचमनने त्यांना अर्ध्या कुंपणावरच पायाला धरून ओढलं. खरा प्रकार कळल्यावर तो बिचारा माफी मागायला लागला, तर मामा त्याची पाठ थोपटत म्हणाले, "शाब्बास! डोळे असेच उघडे ठेव."

अशा माणसाच्या हाती ईमेलचं खातं आल्यावर काय होणार? पासवर्ड टाकताना मामा मला भिंतीकडे तोंड करून उभं करतात. "राग मानू नका जावईबापू, सगळ्यांनाच करतो," असंही वर म्हणतात. आणि मग एका बोटाने टाइप करत प्रत्येक अक्षर खणखणीत आवाजात उच्चारतात. कुणाचं तरी खातं चोरीला गेल्याची बातमी पेपरात वाचून त्यांनी मध्यंतरी पासवर्ड बदलायला घेतला. नवा पासवर्ड खात्रीसाठी दुसऱ्यांदा टाकत होते, तेवढ्यात समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या शेखभाभी मदतीला धावल्या, "भाईसाब, आठ के बाद डॉलर का निशान रह गया देखो!" मामांनी त्यांचे मनापासून आभार मानले, खिडकी लावून घेतली आणि आणखी नवा पासवर्ड केला.

दुसऱ्या दिवसापासून खातं धड उघडेना. पासवर्ड बरोबर होता, पण पडद्यावर एकच ओळ: चुकीचे प्रयत्न फार झाले, खातं काही वेळासाठी बंद केलं आहे. थांबून पुन्हा उघडावं, एखादी मेल वाचायला घ्यावी, की परत तेच. मी फोन बंद करून चालू केला, त्यात साठलेला जुना पासवर्ड पुसला, तारीख-वेळ तपासली. काही उपयोग झाला नाही. मामांचं निदान मात्र कधीच झालं होतं. "कुणीतरी दार वाजवतंय," ते म्हणाले, आणि खातंच कायमचं मिटवून टाकायला निघाले, म्हणजे चोराच्या हाती काही लागायलाच नको. त्या खात्यात मुलीच्या लग्नाचे, मामींच्या शेवटच्या दिवाळीचे फोटो होते. त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती, कारण दुसरी प्रत म्हणजे चोराला दुसरं दार. मामांचं बोट खरोखरच त्या बटणाजवळ पोचलं होतं. मी त्यांचा हात धरला. "मामा, मिटवायचं तर मिटवा. पण आधी दार कोण वाजवतंय ते तरी बघू."

खातं पुन्हा उघडल्याबरोबर मी सुरक्षेच्या पानावर गेलो. फसलेले सगळे प्रयत्न एकाच जुन्या फोनवरून झाले होते. ठिकाण, बिडकीन.

"बिडकीन!" मामा ताडकन उठले. "तिथं लई कंपन्या आल्यात. कुठकुठची माणसं येऊन राह्यलीत."

"मामा, तुमचा जुना फोन कुठंय?"

"तो व्हय? तो तर आक्काला…" आणि मामा मटकन खाली बसले.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. स्कूटरवरून आम्ही बिडकीन गाठलं, तर आक्का ओसरीवर चष्मा लावून तोच फोन दाबत बसलेल्या. चोर रंगेहाथ सापडला होता.

"आलास व्हय? बरं झालं. ह्याला काय झालंय बघ बरं. तुझं फोटू यायचं बंद झालं. पासवर्ड टाक म्हणतंय. तू दिलेला तोच टाकती मी सारखी, तर नाय म्हणतंय."

"कसले फोटो, आक्का?" मी विचारलं.

तेव्हा उलगडा झाला. घराबाहेर पडताना मामा गॅसचं बटण, नळ आणि लावलेलं कुलूप यांचे फोटो काढून ठेवतात, बाजारात शंका आली तर बघायला. जुन्या फोनवर मामांचं तेच खातं चालू राहिलं होतं, त्यामुळे ते सगळे फोटो तिथं आपोआप पोचत होते, आणि आक्का ते रोज बघत होत्या.

"कुलपाचा फोटू आला की समजायचं, उठला, चहा पिला, बाहेर पडला," आक्का म्हणाल्या. "इतक्यात काहीच नाय. जीव थाऱ्यावर नव्हता माझा."

"मग फोन करायचा ना!" मामा खेकसले.

"केला की 'मला काय झालंय' म्हणून वरडतोस."

 मामांनी आक्कांच्या फोनवर नवा पासवर्ड टाकला. अडकलेले फोटो एकेक करून उतरायला लागले. गॅस, नळ, कुलूप. आक्का प्रत्येक फोटो लग्नाचा अल्बम बघावा तशा बघत होत्या.

मामी गेल्यापासून आपण कधी निघतो, कधी परततो, याची दखल घेणारं कुणी उरलं नाही, असं मामा धरून चालले होते. येताना ते मागच्या सीटवर बसले होते. एका कपाशीच्या रानाजवळ त्यांनी मला स्कूटर थांबवायला लावली आणि उतरून फोटो काढला. अर्ध्या फोटोत रान, अर्ध्यात त्यांचा अंगठा.

"हा कशाला, मामा?"

"काय नाय," फोन खिशात ठेवत ते म्हणाले. "आक्काला कळू दे, कुठवर आलो ते."