दोनच सीटांची गाडी

आमच्या ह्यांना गॅरेजात सगळे कानसेन म्हणायचे. ज्याला गाता येत नाही पण गाणं कळतं, तो कानसेन. ह्यांना गाणं औषधालाही कळत नव्हतं, पण गाडीचं रडणं कळायचं. बोनेट न उघडता सांगायचे, वॉटर पंप गेलाय, नाहीतर चेन सैल झालीय. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून हे उभे राहिले की अख्खं गॅरेज हातातलं काम सोडून गप्प व्हायचं. त्या गप्प होण्याची ह्यांना चटक लागली. दारूची लागली असती तर निदान चार लोकांनी येऊन मला सावध केलं असतं.

गॅरेज दोघा भावांचं. धाकटे भावजी गिऱ्हाइकं, सामान आणि कामगार बघायचे. गाडीचं दुखणं हे शोधायचे. आणि मी गाडी चालवायचे. हसू नका, खरंच तेच माझं काम होतं. चाकाकडचा आवाज शोधायचा तर गाडी चालती हवी, आणि चालवणाऱ्याचं निम्मं लक्ष रस्त्यावर, मग तो ऐकणार काय? म्हणून लग्न झाल्या झाल्या ह्यांनी मला गाडी शिकवली. गॅरेजमागे बंद गोदामाचं मोकळं आवार आहे. तिथे स्टिअरिंग पूर्ण वळवून मी गाडी गोल गोल फिरवायचे, आधी डावीकडे, मग उजवीकडे, आणि हे शेजारी डोळे मिटून बसायचे. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा जो दांडा असतो, त्याच्या दोन्ही टोकांना जॉइंट असतात. आतले पोलादी छर्रे आणि त्यांच्या खाचा झिजल्या की वळणावर टक टक टक ऐकू येतं. ते आलं की हे करंगळी वर करायचे, म्हणजे मी वेग तेवढाच धरून ठेवायचा. नव्या नवरीला कुणी सिनेमाला नेतं, कुणी समुद्रावर नेतं. मला ह्यांनी गोदामाच्या आवारात गोल गोल फिरवलं, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

पुढे ह्यांचे कान गेले. एकदम नाही गेले. नट सोडवायच्या गनचा कर्कश आवाज, सायलेन्सरवरचे हातोडे, चालू इंजिनात घातलेलं डोकं, सगळ्यांनी थोडे थोडे खाल्ले. आधी दाराची बेल गेली, मग कुकरची शिट्टी, मग माझं बोलणं. हे तर पहिल्यापासूनच ते एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडायचे, त्यामुळे ते नक्की कधी गेलं हे मला सांगता येणार नाही. जाडेभरडे आवाज ह्यांना कळायचे. बारीक, कोरडे आवाज गेले. म्हणजे नेमकी टकटक गेली.

त्यावर आमच्यात एक अक्षर बोलणं झालं नाही. एकदा आवारात फिरताना टकटक अगदी स्वच्छ येत होती आणि ह्यांची करंगळी मांडीवर तशीच पडलेली. मी वळून पाहिलं तर ह्यांचे डोळे उघडे. परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात बघणाऱ्या मुलासारखे हे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी स्टिअरिंगवरची माझी करंगळी वर केली. हे लगेच म्हणाले, "बस्स. उजवा, बाहेरचा जॉइंट." गाडी कुठे वळतेय त्यावरून कोणत्या बाजूचा ते सहसा कळतं, तेवढं ह्यांना पाठ होतं.

त्या दिवसापासून कान माझे आणि नाव ह्यांचं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी आमची मूठ झाकलेली. फक्त करंगळी तेवढी बाहेर.

आणि वर चारचौघांत काय सांगायचे? "हिचं काय, ही नुसतं स्टिअरिंग धरते." मी ऐकून घ्यायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. घरी मात्र सोडायचे नाही. कानाच्या डॉक्टरकडे चला म्हणून किती डोकं फोडलं, तर म्हणे, "कानसेनने कानात मशीन घालायचं? लोक तोंडात शेण घालतील माझ्या." भावजींच्या मनात दुखणं शोधणारं कॉम्प्युटरवालं यंत्र घ्यायचं केव्हाचं होतं. ह्यांचे कान गेलेत हे उघड झालं असतं तर ह्यांना दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. आणि ते गॅरेज गप्प होणं मिळालं नाही तर हा माणूस आतून मरेल, हे मला कळत होतं. राग राग यायचा, तरी मी करंगळी वर करत राहिले.

मग ती हिरवी गाडी आली. एका दातांच्या डॉक्टरांची, जुनी, बुटकी, स्पर्धेत पळवायच्या जातीची. इंजिन मागे, ओढणारी चाकंही मागचीच. तिच्यात शिरायचं म्हणजे आधी बसायचं, मग पाय आत घ्यायचे, मग देवाचं नाव घ्यायचं. डॉक्टर भला माणूस. बोलताना सुद्धा बाहीने तिचा आरसा पुसत होता. ॲक्सिलरेटर दिला की मागून काहीतरी वाजतं म्हणाला, आणि पुढच्या आठवड्यात मुलीला घेऊन डोंगरातल्या रस्त्याने लांब जायचंय, त्याआधी बघून द्या.

मी हात पुसून किल्ली घ्यायला पुढे झाले. तो म्हणाला, "वहिनी, राग मानू नका. ही गाडी मी कुणालाच चालवायला देत नाही. बायकोलाही देत नाही. मी चालवतो, हे ऐकतील."

गाडीला सीटा दोनच. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेच्या पहिल्या दिवशी पोर आईकडे बघतं तसं. मग टपाला हात टेकत आत बसले आणि गाडी गेली. भावजी हाताची घडी घालून बघत होते. त्यांना हजार कामं असतात, त्या दिवशी मात्र एकही नव्हतं.

मी फाटकात जाऊन उभी राहिले. परत येताना गाडी रस्त्यावरून वळली आणि फाटकातला चढ चढायला डॉक्टरने ॲक्सिलरेटर दिला. मागच्या डाव्या चाकाकडून टक टक टक. चाकाबरोबर वाढत जाणारी. पाय काढला, आवाज बंद. पुन्हा दिला, आधी एक ठक्, मग परत टकटक. बहिऱ्यालाही कळेल असं म्हणणार होते, पण राहू दे.

हे खाली उतरले, पँट झटकली, सगळे गप्प होईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "बेअरिंग. मागच्या चाकाचं बेअरिंग गेलंय."

मला कळलं काय झालं ते. पाठीमागे इंजिन घुमत होतं, टायर घुमत होते. ह्यांच्या कानात तेवढीच घूं घूं शिरली आणि घूं म्हणजे बेअरिंग. पण बेअरिंगला तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर आहे की नाही याच्याशी काही देणंघेणं नसतं. ते आपलं घुमत राहतं. जोर दिला की बोलतो आणि जोर काढला की गप्प होतो, तो जॉइंट.

इकडे आड तिकडे विहीर. बोलावं तर ह्यांची इतक्या वर्षांची अब्रू सगळ्यांसमोर जाणार. न बोलावं तर नवं बेअरिंग बसवून हा माणूस मुलीला घेऊन डोंगर चढणार, आणि भर चढावर दांडा निखळला तर? मी आडवळणाने म्हणून पाहिलं, "एकदा लिफ्टवर घेऊन बघूया की. बघायला काय जातंय?"

"तुला काय कळतं त्यातलं?" हे म्हणाले. "सांगितलं ना बेअरिंग."

ह्यांनी ते वाक्य गिळलं असतं तर मी कदाचित ह्यांना कोपऱ्यात नेऊन सांगितलं असतं. माहीत नाही. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्या. मी मिस्त्रीला म्हटलं, गाडी वर घे. त्याने भावजींकडे पाहिलं, भावजींनी मान हलवली, गाडी वर गेली. गिअर काढलेला, चाकं लोंबकळत. मी खाली गेले. जॉइंटवर ग्रीस धरून ठेवणारा रबरी बूट असतो, डावीकडचा घडीच्या आत फाटला होता, वरून दिसत नव्हता. भोवती ग्रीस उडून काळं कडं पडलेलं. एका हाताने चाक धरलं, दुसऱ्याने दांडा पिळला. चाक जागचं हललं नाही आणि दांडा खडखडत इकडून तिकडे फिरला. एवढी ढिलाई असतच नाही. उजवीकडे केलं, तिथेही होतीच, जरा कमी.

"जॉइंट आहेत," मी म्हटलं. "दोन्हीकडचे."

कुणी काही बोललं नाही. अशी शांतता त्या गॅरेजात ह्यांच्यासाठीच व्हायची. हे पुढे आले, दांडा हलवून पाहिला आणि म्हणाले, "मग मी काय म्हणालो? जॉइंटच म्हणालो मी. तुम्हा लोकांचे कान गेलेत."

पडलो तरी नाक वर. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. डॉक्टर घाईघाईने म्हणाला, "हो हो, मीच नीट ऐकलं नसेल." वेड्या माणसाशी बोलावं इतक्या गोड आवाजात म्हणाला. आणि तेवढं नेमकं ह्यांना ऐकू गेलं.

तरी हे थांबेनात. "नवे कशाला? डावा दांडा उजवीकडे टाका, उजवा डावीकडे. खाचांची एकच बाजू झिजलेली असते, दुसरी कोरी आहे. अजून खूप चालतील." हा ह्यांचा जुना उपाय. चांगला उपाय आहे, आम्ही कितीदा केलाय. भावजी माझ्याकडे बघून म्हणाले, "नको दादा. ग्रीस गेलंय. नवेच टाकू." दादांशी बोलतानाही बघत माझ्याकडे होते.

दुपारी हात धुताना मी भावजींना म्हटलं, "ह्यांना थोडं कमी ऐकू येतंय हल्ली. तुम्हाला सांगणारच होते."

"वहिनी," भावजी म्हणाले, "तुमचं बोट वर जातं ते गोदामाच्या भिंतीवर बसून गॅरेजातली पोरं बघतात. आता कानसेन म्हणतात ते काय कौतुकाने म्हणतात असं वाटलं तुम्हाला?"

मी नळ बंद केला. कोणासाठी झाकत होते मी? सगळ्यांना माहीत होतं. फक्त आम्ही दोघंच एकमेकांपासून लपवत होतो. रडू आलं नाही. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"उद्यापासून तुम्ही एकट्याच या," भावजी पुढे म्हणाले, "दादाला आता आराम करू दे." आराम. किती छान शब्द काढलेत लोकांनी.

घरी आल्यावर हे बूट न काढता खुर्चीत बसले. मी पाणी दिलं, ते तसंच राहिलं. मला वाटलं होतं, आता तरी बोलतील. चुकलो म्हणू नका, पण निदान एवढं तरी म्हणा, की इतकी वर्षं तू होतीस.

"फाटकात उभी होतीस ना?" हे म्हणाले. "गाडी वळली तेव्हापासून मी तुझ्याकडेच बघत होतो. बोट वर करायला काय झालं होतं तुला?"

त्या बोटाचं नाव ह्यांच्या तोंडून निघावं म्हणून मी वर्षानुवर्षं वाट पाहिली. निघालं ते असं.

मी एकटीच गॅरेजात जायला लागले. घर चालायला कुणीतरी जायला हवंच होतं. कॉम्प्युटरवालं यंत्रही आलं, त्याला जे सापडत नाही ते माझ्याकडे येतं. भावजी गिऱ्हाइकांना सांगतात, "सगळं दादांनी शिकवलंय त्यांना." तेही खोटं नाही, म्हणून मला काही बोलता येत नाही.

आणि हे एका सकाळी मला न सांगता, एकटेच कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. आता लपवण्यासारखं राहिलं काय होतं? मशीन छान बसलंय. बातम्या ऐकतात, शेजाऱ्यांशी गप्पा मारतात, वरच्या मजल्यावर कुणाचा नळ गळतोय ते इथून सांगतात. शेजारीण म्हणते, तुमचे मिस्टर किती बोलके झालेत. खरं आहे. संध्याकाळी मी येते, चपला काढते आणि म्हणते, "आज एक गाडी आली होती." हे कानातलं मशीन काढतात, डबीत ठेवतात आणि झाकण लावतात.