टॉलीबाई आणि नदीची वाट

आमच्या गावाखालच्या बोटयार्डात बोट भाड्याने घ्यायला गेलं की टॉलीबाई आधी दोन प्रश्न विचारतात. सकाळी पहिलं कोण उठतं, आणि भांडण झालं की अबोला कोण धरतं. उत्तरांवरून त्या सुट्टीची वाट आखून देतात. भिंतीवरच्या नकाशाकडे फारसं बघत नाहीत. वय शहात्तर, त्यातली पहिली नऊ वर्षं वडिलांच्या कोळशाच्या बोटीवर गेली.

गेल्या मे महिन्यात आम्ही तिघं गेलो, तेव्हा दोन्ही प्रश्नांवर माझ्या नवऱ्याने, गॅरेथने, आणि आमच्या लेकीने, ब्रायोनीने, माझ्याकडे बोट दाखवलं.

गॅरेथला पूर्ण फेरी करायची होती : कालव्याने स्टोरपोर्ट, तिथून सेव्हर्न नदीने वुस्टर, मग दुसऱ्या कालव्याने गोल फिरून घरी. ब्रायोनी तेरा वर्षांची. नदी असेल तरच येईन, नाहीतर मैत्रिणीकडे राहीन, असं तिने आधीच सांगितलं होतं. मला फक्त कालवा हवा होता. कालव्यात पडलं तर उभं राहता येतं. ब्रायोनीला उत्तम पोहता येतं, पण त्याने माझं कधीच समाधान झालेलं नाही.

"चौऱ्याऐंशी मैल," टॉलीबाई म्हणाल्या. "आणि बोट चढवायची-उतरवायची लॉकं एकशे अठरा. बेरीज कर पोरी, तीनने भाग, तास निघतील."

"सदुसष्ट तास," ब्रायोनी म्हणाली.

"सात दिवसांत सदुसष्ट. पगार कोण देणार रे तुला, गॅरेथ?"

मला वाटलं, जिंकले. पण बाई माझ्याकडे वळल्या. "आणि तुला कशाची भीती वाटते?"

"नदीची. पाऊस वेल्समध्ये पडतो आणि पाणी आपल्याकडे चढतं."

"बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून बसल्या.

त्यांचे वडील कालव्यावरचे. कालव्याचं पाणी इंचभरही चढत-उतरत नाही, म्हणून तिथली माणसं बोट काठाला घट्ट आवळून बांधतात. वुस्टरला नदीवर त्यांनी तशीच बांधली. पहाटेपर्यंत पाणी चार फूट चढलं. दोराने बोटीला वर येऊ दिलं नाही. ती एका बाजूला कलंडली आणि आत पाणी शिरलं. माणसं वाचली, बोट गेली. वडिलांनी उरलेलं आयुष्य किडरमिन्स्टरला गालिच्यांच्या कारखान्यात काढलं. टॉलीबाई, तेव्हाची छोटी विनी, नऊ वर्षांची असताना पहिल्यांदा शाळेत गेली आणि सगळ्यात लहान मुलांच्या बाकावर बसली.

"म्हणजे जाऊ नये," मी म्हणाले.

"असं कुठे म्हटलं मी? गोल फिरू नका. नदीने वुस्टरला जा आणि आल्या वाटेने परत या. कालवा नदीला मिळतो तिथे पाण्याची पातळी दाखवणारी रंगीत पट्टी आहे. पाणी हिरव्यावर असेल तर उतरा, पिवळ्यावर असेल तर थांबा. एक दिवस कोरा ठेवा. आणि दोर हिने बांधायचा," त्यांनी ब्रायोनीकडे मान वळवली आणि मला म्हणाल्या, "तू आवळशील."

मग यार्डातल्या कडीला दोर बांधायला लावून त्यांनी ब्रायोनीकडून अर्धा तास सराव करून घेतला. गाठ पक्की, पण दोर सैल, झोळीसारखा लोंबता.

तिसऱ्या दिवशी पाणी हिरव्यावर होतं. आम्ही उतरलो. वुस्टरला ब्रायोनीने भिंतीतल्या कडीला बोट बांधली. जेवण झाल्यावर मी भांडी विसळायचं निमित्त करून बाहेर आले. बोट इकडून तिकडे हलत होती. मी गाठीला हात लावला.

"आई, टॉलीबाईंना सांगेन हं," आतून आवाज आला.

मी हात काढला. थोड्या वेळाने पुन्हा लावला, आणि पुन्हा काढला. गाठ तशीच राहिली.

सकाळी कडी दिसेना. ती पाण्याखाली गेली होती. झोळीसारखा लोंबणारा दोर जवळजवळ सरळ झाला होता. बोट मात्र सपाट तरंगत होती, आणि ब्रायोनी झोपली होती. तिथल्या पट्टीवरही पाणी पिवळ्यावर आलं होतं, म्हणून तो कोरा दिवस आम्ही तिथेच काढला.

बोट परत केली तेव्हा टॉलीबाईंनी एवढंच विचारलं, "दोर किती उरला होता?"

ब्रायोनीने वीतभर अंतर दाखवलं.

बाईंनी तिच्या पसरलेल्या पंजाकडे बघितलं. "तिथला तो चर्चचा मोठा मनोरा," त्या म्हणाल्या, "पाण्यावरून अजून तसाच दिसतो का गं?"

"तुम्ही नाही बघितला इतक्यात?"

"पाठवते सगळ्यांना. मी नऊ वर्षांची असल्यापासून गेले नाही."

"सप्टेंबरमध्ये चला ना आमच्याबरोबर. बोट मी बांधेन."

टॉलीबाई हसल्या नाहीत. त्यांनी कॅलेंडर काढलं, सप्टेंबरचं पान उघडलं आणि विचारलं, "सकाळी पहिलं तुझी आईच उठते ना अजून?"