शालूबाईची पाळणूक

शालूबाईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका माणसाला चपलेनं हाणत होती. चंदगडच्या एसटी स्टँडसमोर, भर दुपारी. माणूस चांगला सहा फुटी, माणशी भाडं घेणारी वडाप जीप चालवणारा. त्यानं तिची काजूची पिशवी टपावरून खाली फेकली होती, एवढाच त्याचा गुन्हा. लोक बघत होते, हसत होते, मध्ये कुणी पडत नव्हतं. हात दुखायला लागल्यावर तिनं चप्पल खाली टाकली, पायात सरकवली आणि त्याच जीपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसली.

"चल आता," म्हणाली. "म्हशीच्या धारंची येळ झाली."

आणि तो गाल चोळत निघाला की!

मी तिथल्या तिथं ठरवलं, आपल्याला हीच बाई पाहिजे.

मी राजनंदिनी, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली, धंद्यानं गाइड. पावसाळा संपला की गोव्यात मुरगाव बंदराला परदेशी क्रूझ जहाजं लागतात. सकाळी येतात, संध्याकाळी सहाला सुटतात. मधल्या वेळात बहुतेक प्रवासी चर्च आणि समुद्र बघतात. ज्यांना समुद्राचा कंटाळा आलेला असतो, आणि महिनाभर जहाजावर राहून तो येणारच, अशा सात-आठ जणांना आमची कंपनी माझ्या ताब्यात देते. ख्वाजाभाईच्या मिनीबसमध्ये घालून मी त्यांना तिलारीचा घाट चढवते आणि चंदगडच्या डोंगरातली दोन-तीन गावं दाखवून परत आणते. ख्वाजाभाई पेठ वडगावचा. वीस वर्षं गाडी चालवतोय, पण कुणाला शिवी दिलेली मी ऐकलेली नाही. ड्रायव्हर माणसाच्या बाबतीत हे नवलच म्हणायचं.

या सहलीत दुपारचं जेवण गावातल्या एका घरी असतं. आधीच्या गावात अंगणात दारुडे येऊन बसायचे, पाहुण्यांच्या गळ्यात पडायचे, आणि घरमालक नुसता हात चोळत उभा राहायचा. जेवण शालूबाईच्या गावाला, करंजगाळला, हलवल्यावर असलं काही झालं नाही. पहिल्याच फेरीला एकजण झोकांड्या खात आला. तिनं त्याला मानगुटीला धरून गोठ्याच्या भिंतीवर आपटलं आणि पदराला हात पुसून भाकरी थापायला बसली. पाहुण्यांना वाटलं ही स्थानिक पद्धत असावी. एकानं फोटोही काढला.

साठीची बाई, उंचीला माझ्या खांद्याएवढी. पण तिच्या आयुष्याची कुठलीही गोष्ट विचारा, त्यात कुणीतरी मार खाल्लेला असायचाच. नवऱ्यानं लग्नानंतर एकदाच हात उचलला, तर हिनं उखळातलं मुसळ घेऊन त्याचं मनगट मोडलं, आणि मग स्वतःच त्याला वैद्याकडं घेऊन गेली. दिरानं बांध कोरला तेव्हा त्याच्या औताच्या दोऱ्या विळ्यानं कापून टाकल्या. हे सगळं ती भात कांडल्याची हकीकत सांगावी तसं सांगायची. मी पेठेतली आहे. फुटबॉलची मॅच संपल्यावर डोकी फुटलेली लहानपणापासून बघत आले. मारामारीचं मला भय नाही. पण शालूबाईचं मला कौतुक वाटायचं, आणि थोडी भीतीही, दोन्ही खरं.

एकच गोष्ट तिनं निराळ्या आवाजात सांगितली. तिची लेक क्रांती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. कळा सुरू झाल्या त्या नेमक्या पाळणुकीच्या मंगळवारी.

पाळणूक म्हणजे काय ते सांगते. करंजगाळात देवीच्या यात्रेआधी पाच मंगळवार पाळतात. त्या दिवशी औत धरायचं नाही, कांडण नाही, चुलीवर फोडणी नाही. आणि वेशीवरच्या दगडापासून आत चाक फिरवायचं नाही, बैलगाडीचं नाही की मोटारीचं नाही. पाचांतला एक मोडला तर पाचही पुन्हा पहिल्यापासून.

क्रांतीचं मूल आडवं आलं होतं. शालूबाईचा मुलगा आकाराम जीप घेऊन वेशीपर्यंत आला, आत आणू लागला. शालूबाई जाऊन चाकासमोर बसली. "माझ्या घरापायी गावाची पाळणूक मोडणार न्हाय," म्हणाली. मग क्रांतीला घोंगडीच्या झोळीत घातलं, झोळी वाशाला बांधली आणि चौघांनी खांद्यावरून नेली. घरापासून वेस एक किलोमीटर, वाट बांधाबांधानं. वेशीच्या दगडाशी पोचेपर्यंत आई आणि मूल दोघं संपली होती.

"देवीनं नेली," शालूबाई म्हणाली. या गोष्टीला तेव्हा तीन वर्षं झाली होती.

मला इतका राग आला की मी ताटावरून उठले. तिला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तिनं मला चपलेनं हाणलं नाही, उलट ताक आणून दिलं. त्याचा मला जास्तच राग आला.

आकारामचं तेव्हापासून काहीतरी बिनसलं होतं. तो पाळणुकीचा पहारेकरी झाला. मंगळवारी सकाळपासून वेशीवर चार पोरं घेऊन बसायचा. एका वर्षी दुधाचा टेम्पो चुकून आत आला, तर ड्रायव्हरचे पुढचे दोन दात पाडले. एका वर्षी नवरदेवाच्या गाडीवाल्याला इतकं तुडवलं की तो महिनाभर लंगडत होता. गाव त्याला वचकून होतं, आणि देवीचं करतोय म्हणून गप्पही होतं.

गेल्या फेब्रुवारीत जहाज नेमकं मंगळवारी लागलं. मी फोन केला तर शालूबाई म्हणाली, "ये की. गाडी वेशीभायेर लाव, पावण्यास्नी चालत आण. फोडणी न्हाय म्हणून कोण मरतंय व्हय?"

सात पाहुणे होते. त्यांत हिल्डा नावाची अठ्ठ्याहत्तर वर्षांची जर्मन बाई सगळ्यांत पुढं. वेशीवर आकाराम बसलाच होता. त्यानं मिनीबसच्या चाकांकडं बघितलं, दगडाकडं बघितलं, आणि हातानं जा म्हणाला. ख्वाजाभाई गाडीपाशीच थांबला. बिनफोडणीचं वरण आणि भाकरी पाहुण्यांनी मिटक्या मारत खाल्ली. आमच्या कंपनीला कळलं असतं तर पुढच्या वर्षी हेच आरोग्याचं जेवण म्हणून जाहिरातीत छापलं असतं.

जेवण झालं आणि हिल्डाबाई गोठ्याकडं गेल्या. पाळणुकीमुळं खोंड दिवसभर जागेवर बांधलेला, माजलेला. त्यांनी फोटोसाठी मोबाइल त्याच्या तोंडाशी नेला. खोंडानं मान खाली घातली आणि एकदाच वर फेकली. शिंग मांडीत घुसलं. बाई उचलल्या गेल्या, गव्हाणीवर आपटल्या आणि पडल्या. ओरडल्यासुद्धा नाहीत. रक्त मात्र उसळ्या मारत येत होतं.

शालूबाईनं पदर टरकावला आणि मांडी वरच्या बाजूला करकचून बांधली. तरी रक्त थांबेना. आरडाओरडा ऐकून शेजारी धावत आले, जेवायला वेशीवरून घरी निघालेला आकारामही आला. मी ख्वाजाभाईला फोन लावत होते. तेवढ्यात शेजारच्यांनी घोंगडी आणली आणि एक वासा आणला.

"झोळीत घाला," आकाराम म्हणाला. "धरा चौघं."

शालूबाईनं ती घोंगडी बघितली. तिचं तोंड कसं झालं ते मला सांगता येणार नाही, मला बघवलं नाही. तिनं माझ्या हातातला फोन ओढून घेतला.

"ड्रायव्हर, गाडी आत आण," ती फोनवर ओरडली. "पार माझ्या दारात आण."

"मावशी, पाळणूक हाय न्हवं?" ख्वाजाभाईचा आवाज मला ऐकू आला.

"हाय. आण तू."

आणि ख्वाजाभाईनं गाडी आणली. बैलगाडीच्या वाटेनं, दोन्ही बाजूंची कुंपणं मोडत. गाडी अंगणाच्या तोंडाशी आली आणि पहिला दगड काचेवर बसला. पुढची काच पूर्ण तडकली. वेशीवरची पोरं मागोमाग पळत आली होती. त्यांनी दार उघडून ख्वाजाभाईला कॉलर धरून खाली ओढलं. आधी लाथा, मग मिळेल ते. त्याचं नाव त्या वेळी कुणी विचारलं नाही, हे नशीबच म्हणायचं. आकारामनं झोळीचा वासा उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला. ख्वाजाभाई दोन्ही हात डोक्यावर धरून एवढंच म्हणत होता, "बाई मरंल, बाई मरंल, गाडी सोडा."

मी मध्ये घुसले. एकानं माझी वेणी धरली, मी त्याच्या हाताला कडकडून चावले. खोटं कशाला सांगू, तोंडात रक्ताची चव आली तेव्हा मला बरं वाटलं. पाहुणे भिंतीला चिकटून उभे होते, एकजण रडत होता. हिल्डाबाईंचे ओठ पांढरे पडले होते.

आकारामनं वासा पुन्हा वर नेला, आणि घरातून शालूबाई मुसळ घेऊन बाहेर आली. ते तिनं पोटच्या पोराच्या उजव्या हातावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज सगळ्या अंगणानं ऐकला. वासा खाली पडला. मारणारी पोरं जागच्या जागी थांबली.

"सरक," ती म्हणाली. "गाडी जाऊ दे."

आकारामचा हात लोंबत होता. तो वेदनेनं ओरडतोय असं मला वाटलं, पण तो बोलत होता. "मग क्रांतीच्या येळंला का बसलीस चाकाम्होरं? तवा का न्हाय सोडलीस गाडी? ही कोण लागती तुझी? सांग की!"

त्यानं डाव्या हातानं वासा उचलला आणि आईच्या कपाळावर मारला. ती गुडघ्यावर बसली. भुवईपासून केसांपर्यंत चामडी उघडी पडली. वाटलं, संपली. पण ती मुसळाच्या आधारानं उठली, रक्तानं एक डोळा मिटला होता, आणि मला म्हणाली, "उचल तिला."

आम्ही हिल्डाबाईंना मागच्या सीटवर घातलं. पाहुणे चढले. ख्वाजाभाई रक्ताळलेल्या हातांनी स्टिअरिंगवर बसला, फुटलेल्या काचेतून त्याला धड दिसत नव्हतं. शालूबाई गाडीच्या पुढं चालू लागली. एक किलोमीटर, वेशीच्या दगडापर्यंत, मुसळ खांद्यावर. सगळा गाव दोन्ही अंगाला उभा होता. कुणीही दगड उचलला नाही.

चंदगडच्या डॉक्टरांनी रक्त थांबवलं, म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर कठीण होतं. हिल्डाबाईंना पुढं बेळगावला हलवलं. मी त्यांच्याजवळ राहिले. ख्वाजाभाईनं डोक्याला सात टाके घालून घेतले आणि बाकीच्या सहाजणांना घेऊन घाट उतरला. जहाजाची शिडी वर घ्यायला दहा मिनिटं असताना त्यानं त्यांना बंदरावर सोडलं. हिल्डाबाई वाचल्या. पंधरा दिवसांनी विमानानं घरी गेल्या.

गावानं मात्र पुढच्याच मंगळवारी देवळासमोर बैठक बोलावली. पाळणूक मोडली होती, यात्रा पुढं गेली होती, यात्रेला येणाऱ्या पाहुण्यांची व्यवस्था पुन्हा करायची होती. लोक खवळले होते. कंपनीनं मला जाऊ नको म्हणून बजावलं होतं. मी गेले. शालूबाई खाली मातीत बसली होती, कपाळाला पट्टी. समोर आकाराम, हात गळ्यात बांधलेला. आई आणि मुलगा आठवडाभर एका घरात राहून एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते, असं मला वाटेत कळलं.

गावातले जाणते गणपतराव मवाळ माणूस. ते म्हणाले, "शालूबाई, चूक झाली म्हण, देवीम्होरं नाक घास. इषय मिटला."

"झाली की चूक," शालूबाई म्हणाली.

लोकांचा जीव भांड्यात पडला. कुणीतरी उठायलाही लागलं.

"बसा. माझं संपल्यालं न्हाय," ती म्हणाली. "चूक ह्या मंगळवारची न्हवं. सात वर्सामागची. माझी पोर जित्ती हुती. मला आई म्हणून हाका मारत हुती. जीप दारात येत हुती, आणि मी चाकाम्होरं बसले. देवीनं न्हेली म्हणून सगळ्यास्नी सांगत फिरले. देवीनं न्हाय न्हेली. मी मारली तिला."

गणपतराव खाली बघत होते. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलं नाही. चार वर्षं तिचा राग केला होता, तो कुठं ठेवावा ते मला कळेना.

आकाराम उठला. मला वाटलं हा पुन्हा मारणार, मी उभी राहिले. पण तो आईसमोर जाऊन नुसता थांबला. आवाज अगदी लहान पोराचा आला.

"आये, मग मी त्या लोकास्नी कशापायी मारलं? टेम्पोवाल्याला, त्या बसच्या ड्रायव्हरला... समद्यास्नी?"

शालूबाईनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं.

"ते तुझं तू बघ, बाळा," ती म्हणाली. "माझं मी सांगितलं."

मग ती जमिनीवर हात टेकून उठली आणि घराकडं चालू लागली. आकाराम तिथंच उभा होता.