नाक पुसणारा मुलगा

माझ्या भाचीचा मोबाईल माणसं ओळखतो. म्हणजे, असं ती म्हणते. शिरपूरला एम. फार्म करते, औषधांबद्दल पुराव्याशिवाय बोलत नाही. पण माणसांच्या बाबतीत तिचा सगळा विश्वास एका काळ्या शर्टवाल्यावर. तो तिच्या रील्समध्ये रोज येतो आणि मागे ढणढण संगीत लावून सांगतो, की माणूस कसा बसतो, कप कसा धरतो, यावरून त्याच्या मनातलं सगळं कळतं. मी हाताची घडी घालून बसते, तर माझं मन बंद आहे म्हणे. माझा खांदा दुखतो, हे त्या शहाण्याला कुणी सांगायचं?

याच्या नादी लागून तिने चांगली चांगली स्थळं घालवली. दोंडाईच्याच्या मुलाचे पाय दाराकडे वळलेले होते, म्हणजे त्याचं लक्ष आमच्या घरात नव्हतं. अहो, त्याला परतीची गाडी गाठायची होती! दुसऱ्या एकाने चहा ढवळताना चमचा कपाला वाजवला, तो तापट ठरला. तिचा बाप, म्हणजे माझा भाऊ, पडला गरीब स्वभावाचा. तो दर वेळी चष्मा लावून नंबर शोधायचा आणि पत्रिका जुळत नाही असं कळवून टाकायचा.

मग वरणगावचा मुलगा आला. तिथल्या फॅक्टरीत नोकरीला. धुळ्याला येताना वाटेत गाडी पंक्चर झाली आणि पोह्यांच्या वेळेला येणारी माणसं भर दुपारी पोचली. मुलाने स्वतः चाक बदललं होतं, त्यामुळे नवरा मुलगा काळेकुट्ट हात घेऊनच दारात उभा राहिला. "नमस्कार करू की आधी धुऊ?" असं त्याने विचारलं आणि भाची खळखळून हसली. साबणही तिनेच आणून दिला. मी मनात म्हटलं, जमलं!

उपाशी पाहुण्यांना नुसत्या पोह्यांवर कोण बोळवणार? वहिनीने घाईघाईने शेवभाजीचा रस्सा केला. नवं तिखट त्याच आठवड्यात कुटून आलेलं, त्याचा अंदाज नव्हता, आणि घाईत तिचा हात सैल सुटला. पहिल्याच घासाला आबा, म्हणजे माझे वडील, टोपी काढून टक्कल पुसायला लागले. आबांनी जन्मात कधी मिरचीला भीक घातलेली नाही. माझ्याही कानातून धूर निघायचा बाकी होता.

मुलगा बिचारा मुकाट्याने जेवत होता. भाची वाढत होती. वाढता वाढता तिनेच विचारलं, "लग्नानंतर मी पुढे शिकले तर चालेल?"

"चालेल ना," तो म्हणाला आणि त्याने रुमालाने नाक पुसलं.

"काही व्यसन?"

"नाही." पुन्हा नाक.

"मित्रांबरोबर कधीतरी?"

"कधीच नाही," असं म्हणून त्याने अख्खं नाकच रुमालात बुडवलं.

भाचीचा चेहरा उतरत गेला. पाहुणे गेल्यावर तिने जाहीर केलं, "नको. खोटारडा आहे. खोटं बोलताना माणसाचा हात नाकाकडे जातो. त्याचा दर उत्तराला जात होता."

आबा भडकले. "पोरगा चांगला शे! बठ्ठा रस्सा पी ग्या, एक शबद नही बोलना!"

सगळा रस्सा मुकाट्याने संपवला, याहून मोठा दाखला आबांना नको होता. पण ती ऐकेना. भावाने सकाळी फोन करतो म्हणून तो दिवस ढकलला.

मला राग आला होताच, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं. पाहुण्यांची गाडी वळेपर्यंत ही पोरगी खिडकीत उभी होती, ते मी पाहिलं होतं. ज्याने कधी आमचा रस्सा चाखला नाही, असा तो काळ्या शर्टातला परका तिच्या संसारात आधीच येऊन बसला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भावाचा फोन लांबला. शेवटी तो बाहेरच्या खोलीत चष्मा शोधायला लागला. मी कालचा उरलेला रस्सा गरम केला, वर शेव घातली आणि ताट भाचीपुढे ठेवलं. काल तिने दहीभात खाल्ला होता. शिळा रस्सा आणखी चढलेला होता. चार घासांत तिच्या डोळ्यांना पाणी आलं.

"तुला आणखी शिकायचंय ना?" मी विचारलं.

"हो." तिने नाक पुसलं.

"आबांवर जीव आहे ना तुझा?"

"म्हणजे काय!" पुन्हा नाक.

"अरेरे," मी म्हटलं, "आबांना सांगायला हवं."

"आत्या, काहीही काय! तिखटाने येतंय पाणी..." ती ताटाकडे बघत राहिली. बाहेर भावाला चष्मा सापडल्याचं ऐकू आलं.

"बरं, एवढं शेवटचं," मी म्हटलं. "तो मुलगा तुला अजिबात आवडला नाही ना?"

"नाही."

या वेळी तिने हात मांडीखाली दाबून धरले होते. नाक ओठापर्यंत आलं तरी ती पुसायला तयार नव्हती.

"पुस गं," मी म्हटलं.

तिने ओढणीने नाक पुसलं आणि ताटावरून तशीच उठत ओरडली, "बाबा, थांबा! फोन नका करू!"