अण्णांनी शिकवलेला घास

श्रावणातल्या एका सकाळी पुतण्याचा फोन आला. "आत्या, अण्णा गेले," एवढंच तो म्हणाला. गणपतअण्णा माझे थोरले भाऊ. नव्वदी ओलांडलेली, वर्षभर अंथरुणाला खिळलेले. बातमी कधीतरी यायचीच होती. तरी ओट्यावरचं दूध उतू जाईपर्यंत मी फोन कानाला धरून उभीच राहिले...

शिरड शहापूरच्या आमच्या घरात अण्णांच्या जेवणाची भारी चेष्टा व्हायची. भाकरी कुस्करायची, त्यावर ठेचा, कारळाची चटणी, कच्चं तेल, वरण, कांदा, सगळं एकदमच ओतायचं आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हाणायचं. आपण काय खाल्लं ते त्यांना सांगता यायचं नाही. लढाई पेटली तसे ते पलटणीत लॉरीवर ड्रायव्हर म्हणून गेले. आधी ब्रह्मदेश, मग लढाई संपल्यावर थेट जपान. माय रोज मारुतीला पाणी घालायची आणि बाप फाट्याकडं बघत बसायचा.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात बाप तापानं गेला. मी हट्ट्याहून, सासरहून, धावत आले. अण्णांची पलटणीतली नोकरी तेव्हा नुकतीच सुटली होती; पण तो रझाकारांच्या धामधुमीचा काळ, वाटा बंद, कोण कुठं अडकलंय कळत नव्हतं. ते वारंगा फाट्यावरून पायी घरी पोचले तोवर तेरावंही उरकलं होतं. मायनं अन्न टाकलं होतं. दोन घोट ताक जायचं, तेवढंच. घास तोंडात घेतला की तिला बापाची आठवण यायची आणि ती ताट सारायची. शेजारच्या खालाजान सांजेला येऊन तिचे हात धरून बसायच्या, समजावायच्या, पण ती नुसती भिंतीकडं बघायची. अशी ही आठवडाभर तरी जगेल का, याची मला धास्ती होती.

अण्णांनी दुसऱ्या दिवशी चूल स्वतः धरली. सणासाठी ठेवलेला तांदूळ शिजवला, त्याला लिंबू आणि मीठ चोळलं, गार होऊ दिला. ओल्या हातानं बोटाएवढे लांबट मुटके वळले आणि प्रत्येकावर भाजलेल्या वांग्याची एक फोड ठेवली. हुलग्याचं पाणी मीठ घालून काळं होईस्तोवर आटवलं. मोहरी फेसली, आल्याच्या पातळ चकत्या लिंबात टाकल्या. मग मायपुढं बसून ते जपानातलं सांगू लागले.

समुद्राकाठच्या एका गावात त्यांची लॉरी बंद पडली होती. एका कोळ्याच्या घरातल्या म्हातारीनं त्यांना आत घेतलं. तांदूळ त्यांच्या शिध्यातला, मासा तिचा; तिनं असेच मुटके वळून वर माशाची फोड ठेवली, शेजारी वाटीत सोयाबीनचं काळं खारट पाणी. अण्णांनी सवयीनं सगळं एकत्र कालवायला घेतलं, तशी तिनं त्यांचा हात धरला. मुटका उलटा करायचा, माशाचीच बाजू त्या काळ्या खारट पाण्याला नुसती टेकवायची. भात बुडवला की तो विस्कटतो आणि खारट लागतो. नाकात जाणारी त्यांच्याकडची एक हिरवी चटणी, ती मोहरीच्या दाण्याएवढीच, भात आणि माशाच्या मधे. आलं घासावर ठेवायचं नाही, दोन घासांच्या मधे खायचं. हे सगळं तिनं खुणांनीच शिकवलं. भिंतीवर तिच्या पोराचा फोटो होता, लष्करी वेषातला, पुढं दिवा. तो कुठं पडला हे विचारायला अण्णांकडं भाषा नव्हती. असती तरी विचारलं नसतं, असं ते म्हणाले. ब्रह्मदेशात जपान्यांच्या विरुद्ध ते स्वतः होते.

माय पहिल्यांदाच त्यांच्याकडं वळून बघत होती.

"तिनं तुला काहून जेवू घातलं?"

"माहीत न्हाई, माय. पोराच्या वयाचा दिसलो असंन."

त्यांनी एका मुटक्यावर वांग्याखाली कणभर मोहरी लावली आणि तो काळ्या पाण्याला टेकवून तिच्या तोंडापाशी धरला. तिनं खाल्ला. मोहरी नाकात गेली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बाप गेल्यापासून ती रडलीच नव्हती. मग अण्णांनी आल्याची चकती पुढं केली.

"हे कशाला?"

"आधीचा घास विसरायला."

"विसरावं लागतं व्हय?"

"फकस्त पुढच्या घासापुरतं."

माय चार मुटके जेवली. पुढं ती पुष्कळ वर्षं जगली, सुना-नातवंडं पाहून गेली.

त्याच वर्षी सर्वपित्रीला बापाच्या पानाशेजारी मायनं एक जादा पान मांडलं. कुणाचं, असं मी विचारलं, तर म्हणाली, त्या म्हातारीच्या पोराचं. तिच्याकडं मांडायला कोणी उरलं नसंल तर? मायच्या मागं अण्णांनी ते चालू ठेवलं.

परवाच्या सर्वपित्रीला पुतण्यानं पानं मांडली. तेच जादा पान हातात घेऊन तो थांबला, नाव काय घ्यायचं, म्हणून माझ्याकडं बघत. नाव आमच्यापैकी कुणालाच कधी ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "मांड. आपल्याच घरचं आहे."