साळ्याचा ट्रॅक्टर आणि लाल झालेलं वाक्य

“मॅडम, एवढंच करा. टेकचंदचा ट्रॅक्टर आला का गेट आपोआप उघडलं पाहिजे. नंबर-बिंबर नाही.”

भैयालाल सेठजींनी हे इतक्या सहज सांगितलं की जणू चहात साखर कमी टाकायला सांगताहेत. टेकचंद म्हणजे त्यांचा साळा, बायकोचा भाऊ. आमगावजवळच्या त्यांच्या राईस मिलसाठी मी टोकनचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. धानाची गाडी आली की टोकन, टोकनाप्रमाणे गेटचा दांडा वर. पुणं सोडून घरी सौंदडला आल्यावरचं माझं हे पहिलं मोठं काम. सेठजींशी बिनसलं तर पुन्हा पुण्यात नोकरी शोधणं आलं, आणि ते मला अजिबात नको होतं.

आता आमच्या धंद्यातली एक गंमत सांगते. प्रोग्राम कसा वागला पाहिजे, ते मी आधी साध्या वाक्यांत लिहिते. प्रत्येक वाक्याखाली ते तपासणारा थोडा कोड. मग कॉम्प्युटर एकेक वाक्य तपासतो. खरं निघालं तर हिरवं, खोटं पडलं तर लाल. याला स्पेक म्हणतात. वाक्यं इंग्रजीतच हवीत असं कुठं आहे? मी मराठीत लिहिली. पहिलंच होतं: ‘टोकन ज्याचं आधी, गाडी त्याची आधी.’

सेठजींना हा हिरवा पडदा एवढा आवडला की तो दाखवायला त्यांनी गेटवर टीव्हीच लावला. मागच्या हंगामात ओळखीच्या गाड्या मधे घुसवल्या म्हणून चिचगडकडचे लोक दुसऱ्या मिलला गेले होते. यंदा सेठजी स्वतः ड्रायव्हरांना टीव्हीसमोर उभं करून सांगत, “वाचा. मशीन खोटं नाही बोलत.”

आणि आता हा साळा.

मी वाद घातला नाही. लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला, टेकचंदसाठी कोड टाकला आणि टेस्ट चालवल्या. पहिलं वाक्य लालभडक.

“हे लाल काऊन झालं?”

“खोटं पडलं ना सेठजी. आता आधीच्या टोकनाची गाडी आधी जात नाही.”

“मग काढून टाका ते वाक्य.”

“काढते. पण गेटवर कोणी विचारलं, कालचं वाक्य कुठं गेलं, तर तुम्ही सांगाल ना?”

सेठजी मिशी ओढत बसले. मग म्हणाले, “तेच वाक्य जरा बदलवा. घरच्यायसाठी सवलत म्हणून.”

मी टाइप करून मोठ्यानं वाचलं, “‘टोकन ज्याचं आधी, गाडी त्याची आधी, पण मालकाचा साळा सगळ्यायच्या आधी.’ बघा, आता हिरवं झालं.”

कोपऱ्यातले मुनीम खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले. मी चेहरा साळसूद ठेवला.

“तुम्ही मजा करून राहिल्या माझी,” सेठजी म्हणाले.

“मी तुम्ही सांगितलं तेच लिहिलं.”

“राहू द्या मग. जुनंच ठेवा.”

दुपारी टेकचंद आला आणि रांगेत अडकला. फोनवर फोन. शेवटी सेठजी गेटवर गेले, मला वाटलं आता माझं काम गेलं. तर ते टीव्हीकडे हात करून म्हणाले, “मी काय करू बाबू? लिहून आहे ना तिथं. मशीन माझं आयकत नाही.” परत आले ते हसतच. लग्न झाल्यापासून साळ्याला नाही म्हणायला त्यांना निमित्तच सापडलं नव्हतं. मग तर नात्यातल्या प्रत्येकाला ते टीव्हीकडे पाठवायला लागले.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या स्वतःच्या शेतातला धान आला. सेठजी ट्रॅक्टरवर ऐटीत बसलेले. दांडा काही उठेना. पुढच्या ड्रायव्हरनं मागं वळून टीव्हीवरचं पहिलं वाक्य त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मी मिलच्या ऑफिसात होते. लगेच मला फोन.

“मॅडम, मालकासाठी एखादं वाक्य होते का?”

“होते ना सेठजी. मोठ्या अक्षरात टाकू?”

फोनमधून ट्रॅक्टर बंद केल्याचा आवाज आला.

“नको. चहा पाठवून द्या इकडं.”

तेव्हापासून माझा एक नियम आहे. गिऱ्हाईकाला जे वाक्य गेटवर लावायची लाज वाटते, त्याचा कोड मी लिहीत नाही.