पापडला मराठी येत नाही

आमच्या कॅम्प चार वस्तीतली अफवा अशी की यशोधरामावशी लकव्याच्या पेशंटवर कुत्रं सोडते, आणि जो घाबरून पळाला त्याला डिस्चार्ज.

साफ खोटं. ती कुत्रं सोडत नाही, बसवते. अंबरनाथ वेस्टच्या नर्सिंग सेंटरमध्ये व्यायाम करून घेताना ती पेशंटचा लुळा हात पापडच्या पाठीवर ठेवते आणि नाकातून म्हणते, "हलवा काका, बिनधास्त. तो काय तुमच्या सुनेसारखा चावत नाय."

पापड म्हणजे तिचा पिवळा कुत्रा. कॅम्प पाचच्या सिंधी शेठकडे वाढला, म्हणून त्याला फक्त सिंधी कळतं. 'वेहु' म्हटलं की बसतो. मराठीत कितीही बोंबला, ढिम्म.

माझे आजोबा तिचेच पेशंट. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आजी रोज उशाशी बसून म्हणायची, "अहो, एकदा 'उमे' म्हणा. मग नका बोलू काही." ते भिंतीकडे बघत राहायचे.

"नाही म्हणणार ते," मी मावशीला म्हटलं.

"म्हणतील. लाव पैज. हरलास तर आजोबांची नक्कल बंद. कायमची."

मी सगळ्यांचे आवाज काढायचो, त्यात ती माझी सगळ्यात भारी नक्कल. तरी लावली.

एकदा पापडने त्यांच्या लुळ्या हातावर हनुवटी टेकून लाळ गाळली. आजोबांना जन्मभर कुत्र्यांचा तिटकारा. घसा घरघरला, तोंड वाकडं झालं आणि शब्द फुटला, "हाड!"

पापड कशाला हलतोय?

पण पुढे तेवढाच शब्द उरला. पाणी हवं, हाड. पाठ दुखते, हाड. आजीने तोंड पुसलं तरी हाड. मग ती पॅसेजमध्ये जाऊन पदर तोंडात कोंबायची.

दुसरा झटका आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, घरच्यांना बोलवून घ्या. आजी आत आली. आजोबांनी डोळे उघडले. "हाऽड."

या वेळी सूर वेगळा होता. पहिलं अक्षर लांब, शेवट खाली सोडलेला. ते कामावरून आल्यावर दारात चपला काढत हाक मारायचे, अगदी तसा.

आजी म्हणाली, "ओ."

मावशी माझ्याकडे वळली. "तुझा कान तिखट ना? सांग, काय म्हणाले?"

'हाड' म्हणून पैज जिंकता आली असती. "उमे," मी म्हटलं.

तेरावं झाल्यावर आजी माझ्याजवळ सरकली. "एकदा त्यांच्या आवाजात हाक मार ना रे."

"पैज हरलोय, आजी."